सुखाच्या गाण्याचा न्याय

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला हुगळी नदीच्या काठाने गार्डन रीच नावाचा भाग पसरलेला आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सधन अधिकाऱ्यांनी येथे नदीकाठी बागा केल्या, बंगले बांधले. त्यावरून हे नाव पडले. त्या बागांची खूण आता शोधावी लागते. जहाजबांधणीचा कारखाना, गोदीकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग, दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आणि मटियाबुर्जच्या गल्ल्यांतून चालणारी शिवणयंत्रे हेच आजचे गार्डन रीच आहे. या गजबजाटात सिब्तैनाबादचा इमामबाडा उभा आहे. १८६४ साली बांधलेल्या त्या वास्तूत वाजिद अली शाह याची कबर आहे. १८५६ साली कंपनीने त्याला अवधच्या गादीवरून दूर केले. त्यानंतर तो लखनौ सोडून कलकत्त्यास आला आणि १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधला कैदेचा काळ वगळता, मटियाबुर्जमध्येच राहिला.

या कबरीपाशी येणाऱ्या रसिकाच्या मनात जे गाणे जागे होते ते बहुधा ठरलेले असते. 'बाबुल मोरा' ही भैरवीतील ठुमरी वाजिद अली शाहची मानली जाते. माहेर सोडणाऱ्या मुलीच्या तोंडचे ते शब्द लखनौ सोडणाऱ्या राजाचेही शब्द आहेत, असा तिचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला आहे. १९३८ साली कलकत्त्याच्याच न्यू थिएटर्सने काढलेल्या 'स्ट्रीट सिंगर' या चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायिली आणि ती घरोघरी पोहोचली. नंतर पंडित भीमसेन जोशींसारख्या थोर गायकांनीही तिला आपला स्वर दिला. या ठुमरीचे मोल वादातीत आहे. प्रश्न निराळाच आहे. ज्याने ही ठुमरी रचली असे मानले जाते, त्याने तारुण्यात, दुःखाचा वारा लागण्यापूर्वी, कितीतरी गाणी रचली होती. ती चपळ, खेळकर आणि नाचरी होती. त्या गाण्यांचे काय करायचे? त्यांची किंमत कोणत्या मापाने ठरवायची?

हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा आहे. थोडे खोल गेले की तो नीतीचा आहे असे दिसू लागते, कारण त्या गाण्यांवर एक गंभीर आरोप आहे.

वाजिद अली शाहचा जन्म १८२२ चा. तो युवराज असतानाच, १८४३ च्या सुमारास, त्याने राधा-कृष्णाच्या कथेवर एक नृत्यगीतमय रचना केली. व्रजातील रासलीलेवरून त्याने या प्रकाराला 'रहस' असे नाव दिले. उर्दूतील नाटकाच्या आरंभाचा शोध घेणारे अभ्यासक या रचनेपाशी हटकून थांबतात. १८४७ मध्ये तो गादीवर आला. कैसरबागेचा विस्तीर्ण प्रासाद त्याने उभारला आणि नर्तकी-गायिकांच्या शिक्षणासाठी 'परीखाना' चालविला. 'अख्तर' हे त्याचे कवी म्हणून घेतलेले नाव होते. ठुमऱ्यांतून ते 'अख्तरपिया' होऊन येते. शब्द त्याचे, चाल त्याची, आणि प्रसंगी पायांत चाळ बांधून उभा राहणाराही तोच. कवी, गीतरचनाकार आणि कलावंत या तिन्ही भूमिका एकाच माणसात एकत्र आल्या होत्या, आणि तो माणूस सिंहासनावर बसलेला होता.

त्या काळची ठुमरी आजच्या श्रोत्याला परिचित असलेल्या ठुमरीहून वेगळी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आज ठुमरी म्हटली की विलंबित लयीतील, दीपचंदी किंवा जत तालातील, एकाच ओळीतून भावनेचे पदर हळूहळू उलगडणारी 'बोलबनाव' ठुमरी डोळ्यांपुढे येते. तिचा उत्कर्ष प्रामुख्याने बनारसकडे आणि पुढच्या काळात झाला. लखनौ दरबारची ठुमरी ही 'बंदिशीची ठुमरी' होती. तिची लय मध्य किंवा द्रुत, ताल बहुधा तीनताल, शब्द व्रजभाषेचे. ते शब्द लयीच्या खाचांत असे बसविलेले असत की एक मात्रा इकडची तिकडे झाली तर सारी गंमत ओसरावी. ती कथक नृत्याच्या हातात हात घालून चाले. गाणारीने शब्द लयीत वाटून द्यायचा आणि नाचणारीने तो पायांनी उचलायचा. आटोपशीर मुखडा, पहिल्याच आवर्तनात मनात रुजणारी चाल आणि समेवर येताना होणारा लहानसा धक्का ही तिची वैशिष्ट्ये. कदरपिया, सनदपिया, ललनपिया ही नावे याच परंपरेतली, आणि बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या कथकाच्या शिक्षणात आजही जिवंत आहेत.

अशा गाण्याला हलके म्हणण्याची चाल पडली. खमाज, पिलू, काफी या ज्या रागांत ते विशेषकरून वावरले, त्यांना संगीतशास्त्राच्या परिभाषेत 'क्षुद्र प्रकृतीचे' हे विशेषण मिळाले. परिभाषेतील शब्द निर्विकार असतो असे शास्त्रकार म्हणतील. परंतु 'क्षुद्र' हा शब्द मराठीत उच्चारला की त्यात निवाडा येतोच. अब्दुल हलीम शरर यांनी आपले बालपण मटियाबुर्जमध्ये घालविले होते आणि 'गुज़िश्ता लखनऊ' या ग्रंथात त्या संस्कृतीचे ममतेने चित्र काढले होते. तथापि ठुमरीच्या लोकप्रियतेमुळे संगीत स्वस्त झाले, अशी खंत त्यांनीही नोंदविली आहे. ममता असूनही ही खंत राहते, यावरून हलक्या गाण्याविषयीचा संकोच किती खोल रुजलेला आहे ते कळते.

मूळ आरोप मात्र स्वस्त होण्यापुरता नाही. राजा गात बसला म्हणून राज्य गेले, असा तो आरोप आहे. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात अवधमधील कुशासनाविषयी जे कागदपत्र तयार झाले, त्यांत बादशाहाची गायक-नर्तकांची संगत हा पुराव्याचाच एक भाग होता. कंपनीने हे म्हणावे यात नवल नाही. तिला राज्य घ्यायचे होते. आश्चर्य असे की पुढे ज्यांना कंपनीविषयी यत्किंचितही प्रेम नव्हते, त्यांनीही हा आरोप मान्य केला. प्रेमचंदांनी १९२४ साली लिहिलेल्या 'शतरंज के खिलाड़ी' या कथेचा आरंभच मुळी विलासात बुडालेल्या लखनौच्या वर्णनाने होतो. पारतंत्र्यात जगणाऱ्या लेखकाने आपल्या समाजाला दिलेली ती चपराक होती, आणि त्या वेळी तिची गरजही होती. १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी त्याच कथेवर चित्रपट केला, तेव्हा त्यांनी बादशाहाकडे अधिक सहानुभूतीने पाहिले. तेथे तो कवी आहे, आणि मुकुट उतरविताना त्याच्या ठायी एक प्रकारची शालीनता आहे.

यातून एका बाजूस आरोप उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूस क्षमा. आरोप म्हणतो की या गाण्यांनी राज्य बुडविले. क्षमा म्हणते की त्याने पुढे इतके सोसले, इतके करुण गाणे दिले, की पूर्वीचा विलास विसरून जावा. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. तारुण्यातील त्या आनंदी गाण्याला स्वतःची अशी काही किंमत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. एकाच्या लेखी ते पाप आहे आणि दुसऱ्याच्या लेखी ते प्रायश्चित्ताने धुऊन निघालेले पाप.

महाराष्ट्राला हा युक्तिवाद अपरिचित नाही. दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. कंपनीने त्याला वार्षिक आठ लाखांचे वेतन देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्तास ठेवले. पुढे वाजिद अली शाहला मटियाबुर्जमध्ये बारा लाखांचे वेतन मिळाले. नमुना एकच होता. पेशवाई बुडण्याच्या कारणांत लावणी-तमाशाचा छंद गोवण्याची रीत मराठीत दीर्घकाळ चालली. होनाजी बाळाची भूपाळी प्रातःस्मरणीय ठरली, आणि त्याच शाहिराच्या शृंगारिक लावण्या कपाटात बंद राहिल्या. सोलापूरच्या राम जोशींची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. संस्कृतात पारंगत असलेला हा ब्राह्मण डफ घेऊन तमाशाच्या फडात उभा राहिला. पुढे मोरोपंतांच्या प्रभावाने तो कीर्तनाकडे वळला, असे परंपरा सांगते. ही कथा सांगणाऱ्याचा सूर असा लागतो, जणू कीर्तनकार झाल्यामुळे त्याच्या आधीच्या लावण्या पदरात घेण्याजोग्या झाल्या. लावणीतील शब्दांची नेमकी ठेवण, तिची लयीवरची पकड आणि तिचा मिश्किलपणा यांसाठी तिला दाद द्यावी, हे सुचायला मराठी समीक्षेला बराच काळ लागला.

इतिहासाच्या कसोटीवरही हा आरोप टिकत नाही. डलहौसीच्याच कारकिर्दीत, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली. तेथे कोणी चाळ बांधून नाचत नव्हते. तेथे दत्तकाचे निमित्त पुरेसे झाले. अवधचा तर निम्मा मुलूख १८०१ च्या तहानेच कंपनीकडे गेला होता आणि उरलेल्या राज्याचे संरक्षण कंपनीच्या फौजेच्या हाती होते. ज्या राजाच्या हातातून तलवार आधीच काढून घेतलेली आहे, त्याने वीणा का घेतली असे विचारणे सोपे असते. वीणा घेतली नसती तर तलवार परत मिळाली असती, असे मात्र कोणी दाखवून दिलेले नाही.

ही गोष्ट लखनौ किंवा पुण्यापुरतीच आहे असेही नाही. राजदरबारांशी काडीचा संबंध नसलेल्या पाश्चात्य लोकप्रिय संगीतातही तीच प्रवृत्ती आढळते. १९६७ साली 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदातील गीतकार पीट टाउनशेंड याने आपल्या संगीताच्या वर्णनासाठी 'पॉवर पॉप' असा शब्द वापरला. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, गिटारचा भरीव आघात, सहज ओठांवर येणारी चाल आणि एकमेकांत मिसळलेले आवाज असे त्याचे रूप. अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या 'बिग स्टार' या चमूने १९७२ आणि १९७४ मध्ये या प्रकारातील दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. ॲलेक्स चिल्टन हा त्या चमूतील प्रमुख गायक-गीतकार. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत क्रिस बेल हा त्याचा सहरचनाकार होता. त्या वेळी या ध्वनिमुद्रिका फारशा विकल्या गेल्या नाहीत. तिसरी ध्वनिमुद्रिका काळोखी, विस्कटलेली निघाली आणि ती १९७८ पर्यंत बाजारात आली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल सत्ताविसाव्या वर्षी अपघातात मरण पावला. कीर्ती नंतर आली. आणि ती आली तेव्हा रसिक पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांतील उत्फुल्ल गाण्यांतही पुढच्या विनाशाच्या खुणा शोधू लागले. निखळ आनंदाचे गाणे केवळ आनंदाचे म्हणून चांगले आहे, एवढे म्हणणे त्यांना पुरेसे वाटेना.

असे का होते याचे एक उत्तर भारतीय काव्यशास्त्रात शोधता येईल. भवभूतीने करुण रसाला सर्व रसांचे मूळ मानले. भोजाने तो मान शृंगाराला दिला. पंडितांनी दोन्ही मतांचा आदर केला. पण सामान्य रसिकाचे मन भवभूतीच्या बाजूला झुकलेले राहिले. दुःख खरे आणि सुख वरवरचे, अशी एक समजूत माणसाच्या मनात घर करून असते. दुःखी माणसावर शंका घेणे असभ्यपणाचे वाटते. सुखी माणसाला मात्र त्याच्या सुखाचा हिशेब मागता येतो. म्हणून दुःखाच्या गाण्याला प्रवेशपत्र लागत नाही, आणि सुखाच्या गाण्याला दारातच अडवून विचारपूस केली जाते.

परंतु येथेच एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो टाळून या गाण्यांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुखी माणसाला हिशेब मागणे नेहमीच अन्याय्य असते काय? कैसरबागेतील रोषणाईचा पैसा अवधच्या शेतकऱ्याच्या सारातून आला होता. १८४९-५० मध्ये कर्नल स्लीमनने अवधचा दौरा करून जी दैनंदिनी लिहिली, तिच्यात तालुकदारांच्या जुलमाची आणि उजाड गावांची वर्णने आहेत. स्लीमन कंपनीचा रेसिडेंट होता आणि त्याची नजर निष्पक्ष नव्हती, हे खरे. पण वर्णन करणाराचा हेतू शुद्ध नाही एवढ्याने गावकऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही.

दुसरा हिशेब परीखान्यातील स्त्रियांचा आहे. 'परीखाना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आत्मकथनात बादशाहाने आपल्या प्रेमप्रकरणांची कहाणी मोकळेपणाने सांगितली आहे. तिच्यात स्त्रिया येतात त्या त्याने दिलेल्या नावांनी. अमुक परी, तमुक परी. त्यांतील कित्येक गरीब घरांतून आणलेल्या होत्या. त्यांच्या कंठातून आणि पायांतून ही गाणी प्रथम जगात आली, आणि रचनेवर मुद्रा मात्र 'अख्तरपिया'ची राहिली. कोणत्या मुरकीची जागा कोणी सुचविली, कोणता शब्द गाणारीने बदलून घेतला, हे सांगणारा कागद उरलेला नाही. एका नावाखाली अनेकांचे श्रम दडपले जाणे ही कलेच्या इतिहासातील नित्याची गोष्ट असली, तरी ती न्यायाची ठरत नाही.

या स्त्रियांपैकी एकीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. महक परी म्हणून परीखान्यात आलेली ही स्त्री पुढे बेगम हजरत महल झाली. बादशाहाने तिला नंतर दूर केले. तो कलकत्त्याकडे निघाला तेव्हा ती लखनौमध्येच राहिली. १८५७ मध्ये तिने आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसविले आणि उठावाचे नेतृत्व केले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्यातील आश्वासनांवर विश्वास ठेवू नका असे बजावणारा प्रतिजाहीरनामा तिने काढला. शेवटी तिने नेपाळचा आश्रय घेतला आणि १८७९ मध्ये काठमांडूत तिचा अंत झाला. विलासी गाण्याने माणसे दुबळी होतात असे म्हणणाऱ्यांना या चरित्रापाशी थांबावे लागते. याउलट, त्या गाण्यांनीच तिला शूर केले असे म्हणणेही वेडेपणाचे ठरेल. शौर्य तिचे होते. परीखान्याने ते दिले नाही आणि हिरावूनही घेतले नाही.

यातून हाती एक भेद येतो. राजाचा हिशेब राजाला मागावा. साराचा, तालुकदारांना मोकळे सोडल्याचा, परीखान्यातील स्त्रियांच्या पराधीनतेचा जाब त्याला द्यावाच लागेल, आणि पुढे सोसलेल्या दुःखाने तो हिशेब चुकता होत नाही. 'बाबुल मोरा' कितीही आर्त असली तरी अवधच्या एका शेतकऱ्याचाही सारा तिने परत केलेला नाही. पण हा जाब गाण्याकडे मागता येणार नाही. गाण्याने सारा गोळा केला नाही आणि तहावर सहीही केली नाही. गाण्याला जे विचारायचे ते एवढेच, की ते जे होऊ पाहत होते ते झाले आहे काय? खेळकर असेल तर त्यातला खेळ खरा आहे काय? शब्द जागच्या जागी पडतात काय, आणि समेवर येताना मन उसळते काय?

हा भेद खुद्द वाजिद अली शाहला उमगला होता की काय, याचा विचार करण्यासाठी पुन्हा गार्डन रीचकडे वळावे लागते.

१८५६ च्या मे महिन्यात तो कलकत्त्यास पोहोचला. त्याची आई मलिका किश्वर दाद मागण्यासाठी इंग्लंडला गेली. हाती काही न लागता परतीच्या वाटेवर १८५८ मध्ये पॅरिसला तिचे देहावसान झाले. उठाव सुरू होताच, जून १८५७ मध्ये, बादशाहाला फोर्ट विल्यममध्ये बंदिवासात टाकण्यात आले आणि दोन वर्षांनंतर तो सुटला. या दिवसांतील यातना 'हुज़्न-ए-अख्तर' या मसनवीत आहेत. त्यानंतर मटियाबुर्जमध्ये त्याने जे उभे केले त्याला 'छोटे लखनौ' म्हटले गेले. इमारती, इमामबाडे, वाघ-चित्त्यांचे आणि पाखरांचे संग्रहालय, सापांसाठी रचलेली टेकडी यांची वर्णने शरर यांनी केली आहेत. सरोदिये नियामतुल्ला खाँ यांच्यासारखे कलावंत त्याच्या आश्रयास होते. कलकत्त्याचे संगीतप्रेमी तेथे जाऊ लागले आणि बंगालच्या गाण्यात ठुमरीने जी मुळे धरली, त्यांतील काही मटियाबुर्जच्या मातीत आहेत.

या मटियाबुर्जमध्ये त्याने आपली जुनी रहसे पुन्हा रंगमंचावर आणली. गतवैभवाला कवटाळून बसलेल्या म्हाताऱ्याचा हा आत्मवंचक खेळ होता, असे म्हणणे सहज शक्य आहे. पुष्कळांनी तसे म्हटलेही आहे. पण 'बनी' हा ग्रंथ त्या मताच्या आड येतो. मटियाबुर्जच्या वास्तव्यात, १८७० च्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात त्याने गीत आणि नृत्य यांची माहिती दिली, रहसांचे प्रकार नोंदविले, आणि ते कसे सादर करावेत याच्या सूचना लिहून ठेवल्या. हा ग्रंथ शिक्षकाचा आहे. ज्याला केवळ आपले तारुण्य आठवून रडायचे असते तो अशा सूचना लिहीत नाही. हे गाणे आपल्यानंतर दुसऱ्या कोणाला गाता येईल, हे नृत्य ज्याने लखनौ पाहिलेले नाही त्यालाही करता येईल, असा विश्वास असलेला माणूसच त्या लिहितो.

या विश्वासाचा अर्थ फार मोठा आहे. गाण्यातला आनंद त्याच्या स्वतःच्या आनंदावर अवलंबून नव्हता, हे त्यातून निष्पन्न होते. राज्य गेले, आई परदेशी गेली आणि तेथेच वारली, दोन वर्षे किल्ल्यात गेली. तरी ती बंदिश तीनतालात बसायची तशीच बसत राहिली. ती हलकी होती कारण तिची घडण तशी नेमकी होती. रचणाराच्या मनावर ओझे नव्हते हे त्याचे कारण नव्हते. सुताराने बेतलेली पेटी जशी त्याचा संसार मोडला म्हणून तिरपी होत नाही, तसेच हे आहे. हलकेपणा ही मनाची बेफिकिरी असती तर दुःख आल्यावर ती टिकली नसती. तो एक कसब होता. कसब शिकविता येते, आणि जे शिकविता येते ते रचणाराच्या सुखदुःखातून मोकळे झालेले असते.

म्हणून सुरुवातीच्या गाण्यांचा आस्वाद घेणे हे एका परीने नैतिक संयमाचे काम आहे. श्रोत्याला पुढची कथा ठाऊक असते, रचणाराला ती ठाऊक नव्हती. पंचविशीतल्या माणसाने पुढच्या तीस वर्षांचे दुःख माहीत असल्यासारखे गायला हवे होते, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्या गाण्यात भावी दुःखाचे सूचन ऐकू येते असे म्हणणे दिसायला सहृदय. पण त्यात त्या माणसाचे जे निःसंशय सुख होते ते त्याच्यापासून हिरावून घेतले जाते. ज्याचे राज्य एकदा घेतले गेले, त्याचे तारुण्यही असे मागाहून खालसा करण्याचा अधिकार रसिकाला नाही. माणसाने गाण्याला त्याच्या जन्माच्या दिवशी भेटावे, त्याच्या रचणाराच्या मृत्यूच्या दिवशी नव्हे, एवढीच ही मागणी आहे. आणि ज्यांनी ते गायिले, ज्यांच्या श्रमावर ते फुलले, त्यांची नावे हरवली असली तरी त्यांची जागा रिकामी ठेवावी, ही तिला जोडूनच येणारी दुसरी मागणी.

काळाने या बाबतीत कधीकधी पंडितांपेक्षा अधिक समंजसपणा दाखविला आहे. कंपनी म्हणे त्या विलासाच्या वातावरणातून आलेली लखनवी 'इंदरसभा' पारशी मंडळींनी गावोगाव नेली. तिचा एक प्रयोग पाहूनच अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत संगीत नाटक करण्याची ऊर्मी झाली, असे सांगितले जाते. १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यानंतर अर्धशतकाच्या आतच, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून लखनौमध्ये मॅरिस कॉलेज ही संगीतसंस्था निघाली. हीच संस्था पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि कैसरबागेतील परीखाना हे तिचे घर झाले. रागांची काटेकोर वर्गवारी करणाऱ्या एका मराठी पंडिताचे नाव त्या वास्तूवर यावे, जेथे 'क्षुद्र' मानलेल्या गाण्याने बाळसे धरले होते, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही.

बादशाहाच्या मृत्यूनंतर मटियाबुर्जचे छोटे लखनौ फार दिवस टिकले नाही. संग्रहालय मोडले, मालमत्ता विकली गेली, बहुतेक वाडे पाडले गेले. पाच वर्षांनी, १८९२ मध्ये, शेजारी खिदिरपूरची गोदी सुरू झाली आणि नदीकाठाचे रूप पालटले. इमामबाडा मात्र राहिला. मोहरमच्या दिवसांत तेथे मर्सिये वाचले जातात आणि शोकाला त्याची हक्काची जागा मिळते. तारुण्यातल्या त्या ठुमऱ्यांना येथे जागा नाही, आणि नसावी हेच योग्य. त्यांची जागा कुठल्याशा कथकाच्या वर्गात आहे. तेथे दहा-बारा वर्षांची एखादी मुलगी खमाजमधील जुनी बंदिश गिरवीत असते. तिला बादशाह माहीत नसतो, गार्डन रीच माहीत नसते. समेवर पाऊल नेमके पडले की ती हसते, आणि गुरू तिला तेवढाच तुकडा पुन्हा करायला सांगतात.